पाव फेरा

१

सोराविया गावात हिवाळ्यापुरत्या स्कूटर झोपवायचा दिवस ठरलेला होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्यांचा दिवस येतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघर स्वयंपाकघरात पाण्याची बादली भरून ठेवतात, कारण आपली गेलेली माणसं लांबून चालत येतात आणि त्यांना तहान लागलेली असते. दुसऱ्या दिवशी ती बादली ओतून दिली की लोक आपापल्या स्कूटर काढत आणि चढ चढून देल्फीनो गोर्तानच्या दारात आणून लावत. तिथून सेंट जोसेफच्या दिवसापर्यंत, म्हणजे एकोणीस मार्चपर्यंत, त्यांच्याकडे बघायचं नाही.

देल्फीनो एकसष्ट वर्षांचा, जन्मभर मेकॅनिकी केलेला. तो आणि त्याची बायको ओनोरीना गावच्या जुन्या डेअरीत राहायचे. वर दोन खोल्या आणि खाली चीज पिकवायची लांबलचक खोली, अर्धी डोंगरात शिरलेली. भूकंपानंतर डेअरी बंद पडली, चीजच्या फळ्या कोणीतरी जाळायला नेल्या, आणि त्या रिकाम्या खोलीत दर हिवाळ्याला बारा स्कूटर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या.

झोपवण्याची एक रीत होती आणि ती मालकाच्या देखत व्हायची. देल्फीनो पेट्रोलची तोटी बंद करी आणि इंजिन आपलं आपण विझेपर्यंत चालू ठेवी. "पिऊ दे बिचारीला उरलंसुरलं," असं म्हणे. मग प्लग काढून त्या भोकातून चमचाभर तेल आत. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात चिंधी. सगळ्यात शेवटी तो खिशातून खडू काढी आणि पुढच्या टायरवर, अगदी माथ्यावर, एक रेघ ओढी. मग वरून चादर.

"दर रविवारी पाव फेरा," तो सांगे. "चाक एकाच जागी टेकून राहिलं की टायर चपटा होतो. आणि दहा किका, म्हणजे पिस्टन आत चिकटून बसत नाही. माणसाचंच बघ ना, चार महिने खाटेवर पडला की गुडघे आखडतात."

लोक हसत आणि निर्धास्त घरी जात.

आता खरं काय ते सांगून टाकू. पहिले दोन हिवाळे देल्फीनोने हे सगळं इमानाने केलं. तिसऱ्या हिवाळ्यात सर्दी झाली म्हणून एक रविवार चुकला, मग दोन चुकले, आणि मार्चमध्ये बघतो तर सगळ्या गाड्या ठणठणीत सुरू. तेव्हापासून तो फक्त मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी खाली जाई, सगळी चाकं घाईघाईने फिरवून ठेवी, चारचार किका मारी आणि वर येऊन कॉफी पिई. बर्फात रेघ बघायला कोण येतंय? अशी सहा वर्षं गेली. खोटं बोलणाऱ्याला सगळ्यात जास्त कशाने फसवलं असेल तर ते इतकी वर्षं काहीच बिघडलं नाही याने.

२

चौऱ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरची अखेर होती. देल्फीनो बटाटे आणायला खाली गेला. बटाट्यांची पोती खोलीच्या टोकाला असायची आणि तिथे जाताना सगळी रांग ओलांडावी लागे. तो गेला, टोपली भरली, परत निघाला आणि दारापाशी आल्यावर थांबला. काहीतरी डोळ्यांत सलत होतं, पण काय ते कळेना.

पहिली स्कूटर बेकरीवाल्या तुल्लियोची. चादरीखालून तिच्या पुढच्या चाकाचा थोडा भाग दिसत होता. खडूची रेघ माथ्यावर नव्हती. ती बाजूला, घड्याळात तीनचा काटा असतो तिथे होती.

आपला धक्का लागला असेल, असं त्याला वाटलं. पण ते चाक जमिनीला टेकलेलं होतं. मागून सगळा भार देऊन पुढचं टोक उचलल्याशिवाय ते फिरत नाही. त्याने टोपली खाली ठेवली आणि दुसरी चादर वर केली. तिथेही रेघ तीनवर. तिसरी, चौथी. एकेक चादर उचलत तो अकरापर्यंत गेला आणि अकराही रेघा एका मापाने बाजूला सरकलेल्या होत्या.

बाराव्या स्कूटरची रेघ त्याने काढली तिथेच होती. ती चादर त्याने पुरती उचललीसुद्धा नाही, कोपऱ्यातूनच बघितलं.

वर येऊन तो बटाटे सोलणाऱ्या ओनोरीनासमोर बसला. काय विचारावं ते सुचेना, म्हणून म्हणाला, "खाली कोणी गेलं होतं का?"

"कोण जाणार? किल्ली तुझ्याच खिशात." मग ती जरा खुशीत म्हणाली, "बरं झालं बाबा, यंदा तरी मनावर घेतलंस."

"काय?"

"किका. परवा रविवारी ऐकल्या ना मी. बाराची घंटा झाली आणि तुझं सुरू. दहा मारायच्या, थांबायचं, परत दहा. मी म्हटलं, आज बारमध्ये न बसता काम करतोय. किती दिवस नुसतं लोकांना सांगायचास, मला काय दिसत नव्हतं होय?"

रविवारी दुपारी बाराला देल्फीनो बारमध्ये पत्ते खेळत होता. चांगला दोनपर्यंत. त्याच्या तोंडाशी तसं आलं होतं, पण मग तिने विचारलं असतं की तू नव्हतास तर कोण होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, मग एरवीच्या रविवारी तू काय करतोस.

"हं," तो म्हणाला. "म्हटलं, करावं यंदा."

३

बारावी स्कूटर एल्दा चिमेंतीची होती, आणि एल्दाला जाऊन नऊ महिने झाले होते.

एल्दाने तीस वर्षं त्या डोंगरात टपाल वाटलं. आधी पायी, मग याच राखाडी स्कूटरवर. दार वाजवण्याआधी ती दोनदा खाकरायची, म्हणजे आतल्या माणसाला डोक्यावरचे केस नीट करायला वेळ मिळतो. निवृत्त होऊनही ती सवय सुटली नव्हती. मागच्या फेब्रुवारीत एका रविवारी, बाराची घंटा नुकती वाजली होती, तेव्हा देल्फीनोला खालच्या दारात असंच दोनदा खाकरणं ऐकू आलं.

"देल्फीनो, माझी स्कूटर दे बाबा," ती म्हणाली. तिने लाल लोकरीचे हातमोजे घालून घेतले होते. "इर्माचं काही खरं नाही. हॉस्पिटलातून फोन आला, आजच या म्हणतात. रविवारची वरून बस नाही. ऊन छान पडलंय, तासाभरात पोचते."

इर्मा म्हणजे तिची धाकटी बहीण. खालच्या गावातल्या हॉस्पिटलात महिनाभर पडून होती.

"देतो की एल्दाताई," असं म्हणून देल्फीनोने चादर काढली आणि किकवर पाय ठेवला. किक खाली जाईना. त्याने अंगाचा सगळा भार टाकला. दगडावर पाय दिल्यासारखं झालं. बाराव्या जागेच्या खाली जुनं चीजचं पाणी वाहून जायची मोरी होती, तिथून ओल वर यायची, हे त्याला ठाऊक होतं. तीन महिने जागचं न हललेलं पिस्टन त्या ओलीत गंजून आत चिकटलं होतं. हे एका क्षणात कळलं, आणि एल्दा त्याच्या पाठीशी उभी होती.

त्याने चादर परत घातली. वळला तेव्हा त्याचं तोंड तयार होतं.

"नको एल्दाताई. वरच्या वळणांवर बर्फ आहे. सकाळीच बघून आलो. तुमचं काही बरंवाईट झालं तर मी तुमच्या लेकीला, मोरेनाला, काय तोंड दाखवू? मी नाही देणार."

"तू स्वतः बघितलास?"

"बघितला की."

"मग असेल," ती म्हणाली. तीस वर्षं पाकिटावर लिहिलेलं खरं मानत आलेली बाई. "तू म्हणतोस तर असेलच."

सकाळी देल्फीनो मोटारीने खालच्या गावात जाऊन वर्तमानपत्र घेऊन आला होता. रस्ता पाटीसारखा कोरडा होता. आणि त्याची मोटार तिथेच, दारासमोर उन्हात उभी होती. एल्दाने तिच्याकडे एकदा बघितलं, पण मागितली नाही. मागणार कशी? आणि तो तरी काढणार कशी? बर्फ आहे असं म्हणून बसला होता ना. ती गल्लीच्या वळणापर्यंत गेली तेव्हा त्याच्या मनात आलं होतं, हाक मारावी, चाकांना बर्फाच्या साखळ्या लावून मोटार काढून बघतो म्हणावं. पण वरून ओनोरीनाने मक्याच्या पिठाचा पोलेंटा निवतोय म्हणून आवाज दिला आणि तो जेवायला गेला.

एल्दा जंगलातल्या पायवाटेने निघाली. खालच्या हमरस्त्यावर दोनची बस मिळते. ती दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, अर्ध्या वाटेवरच्या, मेरीची मूर्ती असलेल्या कोनाड्यापाशी बसलेली. पाय मुरगळला होता, बाकीचं थंडीने केलं. इर्मा आदल्या संध्याकाळीच गेली होती.

गाव म्हणालं, हट्टी बाई, देल्फीनोने सांगूनसुद्धा ऐकलं नाही. फेब्रुवारीत सावलीतल्या वळणांवर बर्फ असतोच, तेव्हा शंका कोण घेणार? पाद्रीबाबांनी सगळ्या चर्चसमोर देल्फीनोचा हात हातात घेतला आणि म्हणाले, तू तुझं कर्तव्य केलंस. देल्फीनोने तो हात सोडवून घेतला नाही.

४

डिसेंबरचे सगळे रविवार तो बारमध्येच बसला. पत्त्यांत लक्ष नसायचं. बाराची घंटा झाली की तो मोठ्याने बोलायला लागायचा. सोमवारी खाली जाऊन बघायचा, तर रेघा पाव फेरा पुढे गेलेल्या असायच्या. सहावर, मग नऊवर, मग पुन्हा माथ्यावर. अगदी नेमाने. त्याने दाराचं कुलूप बदललं. कोणी पोरगं गंमत करतंय म्हणून जमिनीवर पीठ पसरून ठेवलं. पिठावर एकही पाऊल उमटलं नाही, आणि चाकं फिरलेली होती.

सगळ्यात अवघड होतं ते हे की, बोलायचं कोणाजवळ? माझ्याकडच्या स्कूटरची चाकं दर रविवारी फिरतात, असं सांगितलं तर ऐकणारा म्हणेल, फिरणारच, तू फिरवतोस. त्यात भिण्यासारखं काय आहे ते फक्त त्यालाच माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं. भीती सांगायची तर आधी चोरी सांगायला हवी.

नाताळच्या आदल्या दिवशी मोरेना आली. एल्दाची मुलगी, चाळिशीची. आई गेली तेव्हा ती जर्मनीत नोकरीला होती. आता कायमची परत येऊन खालच्या गावात, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत राहत होती. नोव्हेंबरमध्ये तिच्या देखत त्याने, मागच्या हिवाळ्यापासून तिथेच पडून असलेल्या एल्दाच्या स्कूटरवर, नवी खडूची रेघ काढली होती आणि दर रविवारी पाव फेरा, हे वाक्य तिच्या तोंडावर म्हटलं होतं. जीभ कशी झडली नाही, कोण जाणे.

मोरेनाने अक्रोड घातलेला मोठा गोल केक आणला होता.

"काका, हा तुमच्यासाठी," ती म्हणाली. "आई करायची तसा नाही जमला, पण गोड मानून घ्या. तुम्ही तिला अडवायचा प्रयत्न तरी केलात. मी तर फोनवर तिच्याशी भांडलेच होते, म्हटलं, दर वेळी मावशीकडे धावायची काय गरज आहे? शेवटचं बोलणं ते." तिने डोळे पुसले आणि हसली. "हट्टी होती हो. तुमचं ऐकलं असतं तर आज असती."

"असं नको म्हणू," देल्फीनो म्हणाला.

"खरं आहे ते."

"हट्टी नव्हती ती."

"तुम्ही भले आहात म्हणून असं म्हणता." तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. "जोसेफच्या दिवशी तिची स्कूटर न्यायला येते. मीच चालवणार आहे. होईल ना सुरू?"

"बघू," तो म्हणाला.

केक ओनोरीनाने कापला. दात दुखतोय म्हणून देल्फीनोने आपला तुकडा बाजूला ठेवला. आता दाताचंही खोटं.

५

पंच्याऐंशीच्या जानेवारीत असा कडाका पडला की तसला म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हता. नळ फुटले, बार आठवडाभर बंद राहिला. त्या रविवारी देल्फीनो घरीच होता.

ओनोरीनाने बटाटा आणि चीजची फ्रिको केली होती, बाहेरून खरपूस. बाराची घंटा वाजली. घंटेचा शेवटचा टोला विरला आणि जमिनीखालून आवाज आला. घस्, टक्. घस्, टक्. प्लग नसलेल्या इंजिनाची किक अशी वाजते, आत हवेचा सुस्कारा आणि मग दांडा वर येऊन आदळतो. दहा झाल्या. थोडी शांतता. मग रबर फरशीवर घासल्याचा बारीक आवाज. मग पुन्हा, थोडं पुढून, घस्, टक्.

ओनोरीनाचा काटा तोंडाशी थांबला. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"तू तर इथे आहेस," ती म्हणाली.

"तुल्लियो आला असेल. किल्ली दिलीय त्याला." आणखी एक. खोटं असं सवयीने निघत होतं की त्याचं त्यालाच किळसवाणं वाटलं. तो उठला. "बघून येतो."

जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. तो खाली पोचला तेव्हा आवाज खोलीच्या पलीकडच्या टोकाला, नवव्या-दहाव्या स्कूटरपाशी होता. त्याने दिवा लावला नाही. छताजवळच्या झरोक्यांतून बर्फाचा पांढरा उजेड येत होता, तेवढ्या उजेडात रांग पुरती दिसत होती. माणूस कोणी नव्हतं. पण दहाव्या स्कूटरच्या बाजूला, छातीएवढ्या उंचीवर, थंडीत श्वास सोडल्यावर दिसते तशी वाफ दिसत होती. प्रत्येक किकबरोबर एक लहानसा ढग. दमलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या श्वासासारखा, तुटक. दहा झाले. अकराव्यापाशी दहा झाले.

झरोक्यातून वाराबिरा येत असेल, आपलीच वाफ असेल, असं त्याचं डोकं सांगत होतं. त्याने स्वतःचा श्वास रोखून धरला. वाफ निघतच राहिली.

मग ती थांबली. कोणीतरी दोनदा खाकरलं.

बाराव्या स्कूटरची चादर हलली नाही. नंतर त्याने स्वतःला कितीदा तरी विचारलं की आधी ती कशी होती, आणि उत्तर सापडलं नाही. हँडलवरून सीटवर आणि सीटवरून मागे, अशी ती उतरती पसरलेली असायची. आता ती उतरत नव्हती. सीटवर मध्येच उंच झाली होती. वर गोल, खाली दोन्ही बाजूंना जरा रुंद, आणि पुढच्या बाजूला हँडलपर्यंत दोन वळ्या गेल्या होत्या. चादरीखाली कोणीतरी बसलं होतं. निवांत, पाठ ताठ ठेवून, गाडी सुरू व्हायची वाट बघत.

देल्फीनोने चादर ओढायला हवी होती. इतकंच करायचं होतं, चार पावलं जायचं आणि एक कापड ओढायचं. तो पाठमोरा न होता, मागे मागे सरकत जिन्यापर्यंत आला आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

"कोण होतं?" ओनोरीनाने विचारलं.

"म्हटलं ना, तुल्लियो."

त्यानंतर तिने खालच्या आवाजांबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही, आणि रविवारी अकराला ती बहिणीकडे जाऊ लागली.

६

फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, त्याने मनाचा हिय्या केला. अजून महिना हातात होता. इंजिन उघडावं, गंजलेलं सिलिंडर घासावं, नव्या रिंगा टाकाव्यात, म्हणजे मोरेना येईल तेव्हा स्कूटर सुरू होईल आणि कोणाला काही कळणार नाही. हत्यारांची पेटी घेऊन तो बाराव्यापाशी गेला. चादर नेहमीसारखी उतरती होती. त्याने ती काढली, किकवर पाय ठेवला. दगड.

पाना हातात धरून तो तिथे बसला. सिलिंडर उघडलं की आत लाल गंज दिसणार, आणि तो गंज घासून टाकला की झाल्या गोष्टीचा शेवटचा साक्षीदार जाणार. मग आपण नुसते खोटे राहणार नाही, पक्के खोटे होऊ. बाकीच्या अकरा स्कूटर त्याच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्यासाठी कोणीतरी गुडघे टेकून दर रविवारी त्याचं काम करत होतं, त्याने दिलेला शब्द पाळत होतं. त्याला इतकी लाज वाटली की एकट्यानेच तोंडावर हात घेतला.

त्याने पाना पेटीत ठेवला आणि चादर घातली. घालून होताच ती मधोमध हळूहळू वर आली. तो पेटी तिथेच टाकून पळाला.

७

सेंट जोसेफच्या दिवसाची सुट्टी सरकारने कधीच काढून घेतली होती, पण सोरावियाने ते मनावर घेतलं नव्हतं. सकाळी अकरालाच अंगणात माणसं जमली. कोणी तळलेले गोळे आणले होते, कोणी वाइन. आकाश निळं, छपरांवरून पाणी ठिबकत होतं. चिंध्या निघाल्या, प्लग बसले, पेट्रोल पडलं. तुल्लियोने पहिली किक मारली आणि इंजिन पकडलं. दुसऱ्याचं पहिल्या किकला. तिसऱ्याचंही.

"देल्फीनो, काय जादू केलीस रे यंदा?" तुल्लियो ओरडला. "एवढ्या कडाक्यातून उठली आणि बघ, लोण्यासारखी चालतेय. दर रविवारी राबलास म्हणजे."

"घरच्यांपेक्षा स्कूटरकडे जास्त बघतो तो," कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. ओनोरीना हसली नाही.

अकरा स्कूटर अंगणात धडधडत होत्या तेव्हा मोरेना आत गेली. देल्फीनो तिच्यामागे धावला, पण तिने चादर ओढलीसुद्धा होती. सीट रिकामी होती. तिने हँडल धरून स्कूटर स्टँडवरून उतरवली आणि उन्हात ढकलत आणली.

"जड का लागतेय हो ही?" ती धापा टाकत म्हणाली. "आईला कशी झेपायची?"

तिने किकवर पाय दिला. मग दोन्ही हातांनी हँडल धरून उडी मारून दिला. किक हलली नाही. एकेकाने आपापली इंजिनं बंद केली. अंगण शांत झालं आणि सगळे देल्फीनोकडे बघू लागले.

"अडकलंय वाटतं," मोरेना म्हणाली. "हिला केल्या नाहीत का किका?"

उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं, तेही किती सुंदर. एल्दाताई गेल्यापासून हिला हात लावायचं धैर्यच झालं नाही. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मोरेनाने त्याला मिठी मारली असती. त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात स्कूटरचं मागचं टोक खाली गेलं. स्प्रिंग करकरली, चार बोटं खाली बसली. सीटवर कोणी नव्हतं. मोरेनाच्या हाताला तो भार जाणवला असावा, तिने हँडल घट्ट धरलं. कोणीतरी सावरून, नीट बसून घेतलं होतं. अजून एक हिवाळा बसायची तयारी असल्यासारखं.

"ते आत्ता नाही अडकलं," देल्फीनो म्हणाला. "मागच्या फेब्रुवारीतच अडकलं होतं. ती आली होती तेव्हा. मी कोणाच्याच गाडीला कधी हात लावत नव्हतो. सहा वर्षं. ते लपवायला मी बर्फ आहे म्हणालो."

"म्हणजे?"

"रस्ता कोरडा होता, मोरेना."

छपरावरून पाणी ठिबकत होतं. मोरेनाने अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या त्याच्या मोटारीकडे बघितलं. आईने बघितलं होतं, अगदी तसंच.

"मग तुमची गाडी का नाही काढलीत?"

"बर्फ आहे असं म्हणून बसलो होतो."

तिने स्कूटरचं हँडल त्याच्या हातात दिलं. तिचा आवाज चढला नाही, तो खालीच गेला.

"ती जिथे निघाली होती तिथे ही घेऊन या. हॉस्पिटलच्या फाटकापाशी. मी पायवाटेने जाते."

"किक अडकलीय, बाई."

"घेऊन या," मोरेना म्हणाली आणि गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली.

८

लोक एकेक करून गेले. तुल्लियोने आपली स्कूटर सुरू न करता ढकलतच नेली. ओनोरीना शेवटपर्यंत दारात उभी होती. तिने त्याचा कोट आणून त्याच्या खांद्यावर टाकला, नजर न भिडवता, आणि आत जाऊन दार लावलं.

देल्फीनोने प्लग बसवला, पेट्रोल घातलं, चिंधी ओढून काढली. हे सगळं त्याच्या हातांनी केलं. मग त्याने किकवर पाय ठेवला, आणि ती पहिल्याच दाबाला मऊ खाली गेली. इंजिन सुरू झालं. बाराची घंटा वाजत होती.

तो बसला. मागे त्याच्या कमरेला दोन हातांचा दाब आला, हलका, सभ्य, परक्या माणसाच्या मागे बसताना धरतात तसा. लोकरीचे हातमोजे असावेत. त्याने मान वळवली नाही. तेवढं धैर्य त्याच्यात नव्हतं आणि आता त्याची त्याला लाजही वाटली नाही, लाज वाटायला दुसरं पुष्कळ होतं.

गावाबाहेर पडलं की रस्ता सात वळणं घेत उतरतो. सातही डोंगराच्या सावलीत आहेत. इतका कडाक्याचा हिवाळा गेला होता, दोन्ही कडांना काळपट बर्फाचे ढीग अजून पडलेले होते. एक तरी वळण निसरडं निघावं, देल्फीनो मनात म्हणत होता. एखादा हातभर काचेसारखा पट्टा. म्हणजे मागच्या माणसाला दिसेल, की असतो, इथे असतो बर्फ, मार्चमध्येसुद्धा असतो.

तो अगदी हळू चालवत होता. प्रत्येक वळणाआधी कमरेवरचे हात जरा घट्ट होत आणि वळण गेलं की सैल पडत. त्याच्या खांद्यावरून कोणीतरी पुढे वाकून रस्ता नीट बघत होतं.

पहिलं वळण कोरडं होतं. दुसरंही. तो मोजत गेला, आणि सातही कोरडी निघाली.